तूप कुठे पडलं, ते सांगा

हेदवीला दशभुजा गणेशाचं दर्शन घेऊन बामणघळीकडे वळणाऱ्या एकाच कुटुंबात मासे खाणारा, शाकाहारी आणि हल्ली दूध-तूपही वर्ज्य करणारा व्हीगन, असे तिघंही असू शकतात. त्यांना एका टेबलावर बसवणारं उंची रेस्टॉरंट कोकणात काढायचं, तर टोफू मागवायला नको. ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, नारळाच्या दुधातली सोलकढी यांत जनावराचं दूध मुळातच नाही. अडतं ते तुपापाशी. मोदकाचं सारण नारळ-गुळाचं, पारी तांदळाची. पण उकडीत लोणी पडलं, वर तुपाची धार आली, की व्हीगन उपाशी. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही इथे कामाचा नाही, त्यात दूध चालतं; म्हणून तर २०२२ साली व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आले.

सुरमई खाणाऱ्याला असलं जेवण मिळमिळीत वाटेल, हा आक्षेप फार टिकत नाही. मासळीच्या ताटातही सोलकढी तीच असते. शाकाहाऱ्याची तक्रार मात्र रास्त आहे: मासे तळलेल्या तेलात त्याची भजी नकोत. त्यासाठी वेगळी कढई, वेगळा तवा लागतो, खर्च वाढतो. उंची दर लावणाऱ्याने तो सोसावा आणि कशात तूप आहे, ते मेन्यूवर छापावं.