मोझेस जॅक्सनचा मित्र

१९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यात मोडत असे, आणि कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजची मुले मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. १८८७ साली निघालेल्या ह्या कॉलेजवर मोझेस जॅक्सन नावाचा इंग्रज गृहस्थ प्राचार्य म्हणून आला. माणूस विज्ञानाचा, शरीराने धट्टाकट्टा, नौकानयनात पटाईत. काव्याची त्याला फारशी गोडी नव्हती. तरीही इंग्रजी काव्याच्या इतिहासातून त्याचे नाव पुसता येत नाही. ज्या मित्राला तो लंडनमध्ये मागे ठेवून आला, तो होता कवी ए. ई. हाउसमन.

दोघांची गाठ ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात पडली. हाउसमनची बुद्धी असामान्य. पण १८८१ साली तो अंतिम परीक्षेत चक्क नापास झाला. पुढे लंडनच्या पेटंट कचेरीत त्याने कारकुनी पत्करली. जॅक्सन तेथेच वरच्या जागेवर होता. जॅक्सन, त्याचा धाकटा भाऊ आणि हाउसमन असे तिघे काही काळ एकाच बिऱ्हाडात राहत. हाउसमनचे मन जॅक्सनवर जडले होते, आणि ते केवळ मैत्रीचे नव्हते. जॅक्सनच्या मनाला ती वाटच नव्हती. १८८५ च्या सुमारास हाउसमनने ते बिऱ्हाड सोडले. त्याच साली इंग्लंडात पुरुषापुरुषांतील अशा संबंधांना, ते खाजगीत असले तरी, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी देणारा कायदा झाला.

१८८९ साली जॅक्सनचे लग्न झाले, ते हाउसमनला मागाहून कळले. त्याच्या रोजनिशीत ह्या साऱ्याविषयी एकही उसासा नाही. मित्राची बोट कोणत्या दिवशी कोणत्या बंदराला लागली, एवढ्याच कोरड्या नोंदी आहेत. ज्याने विरह भोगला आहे, त्याला त्या नोंदी पुरेत.

ह्यानंतर हाउसमनने दोन कामे केली. दिवसा तो लॅटिन ग्रंथांची पाठचिकित्सा करी. त्यात त्याने असे नाव कमावले, की नापास झालेला हा विद्यार्थी १८९२ साली लंडनमध्ये आणि १९११ साली केंब्रिजमध्ये लॅटिनचा प्राध्यापक झाला. दुसरे काम कवितेचे. 'अ श्रॉपशर लॅड' हा त्याचा संग्रह १८९६ साली निघाला. राल्फ व्हॉन विल्यम्स, जॉर्ज बटरवर्थ अशा संगीतकारांनी त्यातील कवितांना चाली दिल्या. विल्यम्सने एका कवितेची दोन कडवी गाळली, तेव्हा मात्र कविराज रागावले!

येथे आम्हां गाणाऱ्यांच्या मनात एक विचार येतो. दरबारात आमचे वडील ठुमरी गात, तेव्हा भरदार मिशांचा पुरुष 'सैंया'साठी व्याकुळ होई आणि सारी सभा वाहवा करी. त्यात कोणाला काही वावगे दिसत नसे. पण मैफल उठल्यावर तोच शब्द त्या गवयाला स्वतःसाठी उच्चारावासा वाटला असता, तर? गाण्यात जे शोभते ते जगण्यात चालत नाही, हा न्याय केवळ इंग्रजांचा नव्हता.

जॅक्सनला मात्र आम्ही दोष देणार नाही. जे त्याच्यापाशी नव्हते ते तो कोठून देणार? त्याने मैत्र तोडले नाही, हे महत्त्वाचे. आपल्या एका मुलाचे धर्मपितृत्व त्याने हाउसमनलाच दिले. हाउसमननेही १९०३ साली मॅनिलियसच्या आपल्या आवृत्तीचा पहिला खंड लॅटिन पद्य लिहून जॅक्सनला अर्पण केला. १९२२ च्या शरदात जॅक्सन कॅनडात मरणासन्न असताना हाउसमनने आपला नवा संग्रह त्याच्याकडे पाठविला. १९२३ च्या जानेवारीत जॅक्सन गेला. हाउसमन १९३६ मध्ये वारला, तोवर त्या मित्राची तसबीर त्याच्या खोलीत होती. भाऊ लॉरेन्स ह्याने ह्या प्रेमाविषयी लिहिलेला लेख मोहोरबंद ठेवला होता. तो १९६७ साली छापला गेला. इंग्लंडात तो कायदा सैल झाला, तेही त्याच साली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ती बेडी काढली.

एकतर्फी प्रेमावर कोणत्याही न्यायालयापाशी उपाय नाही. पण आमच्या शिकवणीला येणाऱ्या एखाद्या मुलाने आपल्या जिवलग मित्रापाशी मन मोकळे केले, आणि त्या मित्राने "मला तसे वाटत नाही रे, पण उद्या रियाजाला ये," एवढेच म्हटले, तर त्या मुलाचे निम्मे दुःख हलके होईल. हाउसमनला तेवढेही कोणापाशी बोलण्याची सोय नव्हती.