माणसे घडवणारा इंजिनिअर

दिंडोशीच्या मेट्रो स्थानकावर सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या तरुणांची गर्दी असते. त्यांत आपल्या घरांतली मुले-मुलीही असतात. मुलगा ‘टीम लीड’ झाला की आपण मिठाई वाटतो. आता त्याच्या हाताखाली किती नवखे शिकणार, हे मात्र क्वचितच विचारतो. म्हणून फकीरचंद कोहलींविषयी आम्हाला लिहावेसे वाटले.

जन्म 1924 चा, पेशावरचा. शिक्षणाने विजेचे इंजिनिअर. 1969 मध्ये मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची धुरा त्यांच्याकडे आली. काही वर्षांतच अमेरिकेच्या बरोज कंपनीने काम दिले: रुग्णालयांसाठीचे प्रोग्रॅम त्यांच्याच दुसऱ्या जातीच्या संगणकावर चालतील असे बदलायचे. तो संगणक इथे नव्हताच! टीमने हाताशी असलेल्या आयसीएल 1903 वर आधी एक रूपांतर करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि पुढचे काम त्याच्याकडून करून घेतले. नवख्या पोरांवर परदेशी गिऱ्हाइकाचे काम सोपवायला छाती लागते. आमच्या मते कोहलींचे खरे कर्तृत्व तेच.

1996 मध्ये त्यांनी मुख्य पद एस. रामदोराईंकडे दिले. पण शिकवणे सुटले नाही. प्रौढांना अक्षरांऐवजी ओळखीच्या शब्दांतून, सुमारे 40 तासांत वाचायला शिकवणारा संगणकीय कार्यक्रम त्यांच्या पुढाकाराने 2000 साली तेलुगूत सुरू झाला. पुढे तो मराठीत आला आणि उर्दूतही. घरात उर्दू बोलूनही ती वाचता न येणाऱ्या आपल्याकडच्या दादी-नानी आम्हाला इथे आठवल्या. महागडी यंत्रे लागणार नाहीत, इतरांनी टाकून दिलेल्या जुन्या संगणकांवरही शिकता येईल, अशीच त्याची रचना होती.