मल्टिपल स्क्लेरोसिस : दाह शमला, पण चेतापेशींचे काय?

विशी-तिशीतल्या तरुणीला एका डोळ्याने अंधुक दिसू लागते. डोळा हलवला की दुखतो. काही आठवड्यांत नजर सुधारते आणि घरचे निर्धास्त होतात. वर्षभराने पाय बधिर होतात, तोल जातो. मल्टिपल स्क्लेरोसिस पुष्कळदा असाच येतो. २० ते ४० या वयात तो अधिक सुरू होतो व पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आढळतो.

यात रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच मेंदूवर व मज्जारज्जूवर उलटते. विजेच्या तारेवर वेष्टण असते, तसे चेतापेशींच्या तंतूंवर मायलिनचे आवरण असते. दाहामुळे ते झडते आणि संदेश अडखळतात. आतली तार मात्र बराच काळ शाबूत राहते, असा समज रूढ होता. १९९८ मध्ये ब्रूस ट्रॅप व सहकाऱ्यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासून दाखवले की, ताज्या दाहाच्या जागी तारही तुटलेली असते. असे संशोधन मेंदूदानामुळेच शक्य होते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे.

औषधे काय करतात?

अंगदुखीवर आपण घेतो ती आयबुप्रोफेनसारखी गोळी या आजाराला आवर घालत नाही. झटका आला की मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड बहुधा ३ ते ५ दिवस शिरेतून देतात. त्याने रुग्ण लवकर सावरतो. मात्र डोळ्याच्या नसेच्या दाहावरील १९९२ च्या अमेरिकी पाहणीत असे दिसले की, पुढे स्टिरॉइड घेतलेल्या व न घेतलेल्या रुग्णांच्या नजरेत फारसा फरक उरत नाही. म्हणून आपल्या मनाने स्टिरॉइड चालू ठेवू नये. हाडे ठिसूळ होतात, रक्तातली साखर वाढते.

दुसरा गट झटके टाळणाऱ्या औषधांचा. अमेरिकेत १९९३ मध्ये इंटरफेरॉन बीटाला व २०१७ मध्ये ऑक्रेलिझुमॅबला मान्यता मिळाली. दाहच रोखल्याने चेतापेशींना आडून संरक्षण मिळते. म्हणूनच उपचार लवकर सुरू व्हायला हवेत.

थेट चेतापेशी वाचवणारे औषध मात्र अजून हाती नाही. कोलेस्टेरॉलवरच्या सिम्व्हास्टॅटिनने मेंदू आक्रसण्याचा वेग मंदावतो, असे २०१४ मध्ये १४० रुग्णांच्या चाचणीत दिसले आणि आशा पालवली. २०२४ मध्ये मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा अपंगत्व काही थोपले नव्हते.

निदान पक्के हवे

न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा आजारही असाच भासतो, पण इंटरफेरॉनने तो बळावू शकतो. म्हणून एमआरआयबरोबर, शंका असल्यास, ॲक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिद्रव्याची रक्ततपासणीही करतात.

घरच्यांनी काय करावे?

या आजारातला थकवा बाहेरून दिसत नाही. सुनेला किंवा मुलीला आळशी ठरवण्यापूर्वी याचा विचार करा. उन्हाने वा तापाने त्रास वाढतो, तेव्हा जड कामे थंड वेळी उरकावीत. धूम्रपान टाळावे. मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण काही औषधे गर्भाला घातक असतात. बरे वाटले म्हणून औषध सोडू नये.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते. बंगळुरूतही तिची शाखा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. नजर आपोआप सुधारली, तरी मेंदूविकारतज्ज्ञांकडे एकदा जाऊन याच. त्या आठवड्यांत वाचलेली चेतापेशी पुढची अनेक वर्षे साथ देते.