रुग्णालयीन औषधनिर्माता आणि औषधसुरक्षा

रुग्णालयीन औषधनिर्माता (फार्मासिस्ट) म्हणजे रुग्णालयातील औषधांची साठवण, वितरण आणि त्यांच्या वापराची पडताळणी यांसाठी जबाबदार असलेला नोंदणीकृत व्यावसायिक होय. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत या पदास औषधनिर्माण अधिकारी म्हणतात. नावावरून औषधे बनविणारा असा समज होतो. प्रत्यक्षात तयार औषध चुकीच्या मात्रेत रुग्णापर्यंत पोहोचू न देणे हे त्याचे अधिक महत्त्वाचे काम आहे. निरोगी प्रौढ व्यक्ती पचवू शकेल अशी चूक नवजात अर्भकाच्या किंवा मूत्रपिंड दुबळे झालेल्या वृद्धाच्या जिवावर बेतू शकते.

नवजात अर्भके

अर्भकासाठी औषधाची मात्रा वजनावरून काढली जाते. दशांश चिन्ह एक घर सरकले तर ती दहापट होते. प्रौढाला दहापट मात्रा द्यायची तर बहुधा अनेक कुप्या फोडाव्या लागतील आणि तेथेच शंका येईल. एक किलो वजनाच्या बालकाची दहापट मात्रा मात्र अनेकदा एकाच कुपीत मावते, त्यामुळे ती नजरेला खटकत नाही.

सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे सहा अर्भकांना हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध हजारपट तीव्रतेचे दिले गेले. त्यांपैकी तिघे दगावली. प्रति मिलिलिटर १० एककांच्या कुपीऐवजी १०,००० एककांच्या कुप्या कक्षातील औषधकपाटात भरल्या गेल्या होत्या, आणि त्या भरणारा कर्मचारी औषध विभागाचाच होता. कपाटात नेहमीचेच औषध असणार या विश्वासाने पुढे परिचारिकांच्याही ते लक्षात आले नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये लॉस एंजेलिस येथे अभिनेते डेनिस क्वेड यांच्या जुळ्या बाळांबाबत अशीच चूक झाली. ती बाळे वाचली. त्यामुळे निरनिराळ्या तीव्रतेच्या कुप्या वेगळ्या ठेवणे आणि कपाट भरताना दुसऱ्या व्यक्तीने तपासणे ही कामे दुय्यम मानता येत नाहीत. संहत पोटॅशियम क्लोराइड विरळ न करता शिरेतून दिल्यास हृदय थांबू शकते. म्हणून अनेक रुग्णालये त्याचा साठा सामान्य कक्षात ठेवीत नाहीत.

वृद्ध रुग्ण

वृद्धांच्या बाबतीत काम बहुधा नातेवाइकांनी आणलेल्या औषधांच्या पिशवीपासून सुरू होते. एकच औषध दोन व्यापारी नावांनी चालू असल्याचे तिच्यातूनच कळते. कृश वृद्धांत स्नायू कमी असल्याने रक्तातील क्रिएटिनिन सामान्य दिसूनही मूत्रपिंडाची क्षमता घटलेली असू शकते. म्हणून वय व वजन धरून हिशेब करावा लागतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले गेल्यास अस्थिमज्जा निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. अशा औषधाच्या पाकिटावर वार लिहून देणे हा साधा, पण परिणामकारक उपाय आहे.

भारत

औषधनिर्मात्याची नोंदणी औषधशास्त्र अधिनियम, १९४८ नुसार होते. रुग्णशय्येजवळील कामाचे शिक्षण देणारा सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. तरीही अनेक रुग्णालयांत औषधनिर्मात्याचे काम वितरणाच्या खिडकीपुरतेच राहिले असून रुग्णाचे वजन वा तपासण्यांचे अहवाल त्याच्यासमोर येत नाहीत.