शृंगधारी देवाचें एकमेव नांव

मागील महिन्यांत आमच्या नातवानें एक चित्र आमच्यापुढें धरिलें. मांडी घालून बसलेला पुरुष, मस्तकावर सांबरासारखीं फाटे फुटलेलीं शिंगें, भोंवतीं पशू. "आजोबा, हा पशुपति ना?" आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविलेल्या आम्हीं "होय, मोहेंजोदडोचा" असें तत्काळ सांगून टाकिलें. चित्र होतें डेन्मार्कांतील एका रुप्याच्या हंड्यावरचें! या फजितीमुळें आम्ही त्या देवाच्या मागें लागलों. जें हातीं आलें तें वाचकांस सादर करितों.

१८९१ सालीं जटलंड प्रांतांत गुंडेस्ट्रुप येथें, जळणासाठीं दलदलींतील माती कापतांना हा हंडा सांपडला. त्याचे पत्रे सुटे करून ठेविलेले होते. वजन जवळजवळ ९ किलो. तो ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतला मानितात. देवाच्या उजव्या हातीं गळ्यांत घालावयाचें पिळाचें कडें, डाव्या हातीं मेंढ्याच्या तोंडाचा सर्प, शेजारीं मृग. धनुष्य-बाण कोठेंच नाहीं. आणि नांवही कोरिलेलें नाहीं.

नांव मिळतें तें पॅरिसला. ज्यांस केल्ट म्हणतात, त्यांच्यापैकीं गॉल लोक तेथें राहत. रोमन बादशहा तिबेरियस (इ. स. १४ ते ३७) याच्या काळीं सेन नदीवरील नावाड्यांनीं एक शिलास्तंभ उभारिला. त्याचे दगड अठराव्या शतकाच्या आरंभीं नोत्रदामच्या मंदिराखालीं निघाले. त्यांपैकीं एकावर दाढीवाला देव आहे, त्याच्या दोन्ही शिंगांत एकेक कडें अडकविलेलें आहे, आणि वर अक्षरें आहेत: केर्नुन्नोस. पहिलें अक्षर आतां झिजून गेलें आहे. अर्थ बहुधा 'शिंगाचा'. लॅटिन 'कोर्नु' व आपलें 'शृंग' हीं त्याचींच भावंडें. असे शृंगधारी देव गॉलमध्यें अनेक ठिकाणीं सांपडले. पण मूर्ति आणि हें नांव एकत्र असलेली शिला ही एकच.

तेव्हां 'शिकारीचा व अरण्याचा देव' ही पदवी शिंगांवरून दिलेली आहे. फ्रान्समधील रॅंस येथील शिल्पांत तर तो मांडीवरच्या थैलींतून धान्य किंवा नाणीं ओतीत आहे, खालीं मृग आणि बैल. आमच्या मतें हा व्याधापेक्षां कुबेराच्या पंक्तीला अधिक शोभतो. केल्टांच्या शिकारीच्या देवतेची हकीगत दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखक आरियन यानें दिली आहे, पण ती देवीची. तिला तो आर्टेमिस म्हणतो. ससा धरिला कीं दोन ओबोल, कोल्हा धरिला कीं एक द्राख्मा बाजूस ठेवावयाचा, आणि वर्षानें देवीच्या जन्मदिवशीं त्या पैशांतून बळी व मेजवानी करावयाची. त्या दिवशीं कुत्र्यांच्या गळ्यांत माळा घालीत. पोळ्याला बैल सजविणारांस हें नवल वाटूं नये.

पण केर्नुन्नोसची एकही कथा कां उरली नाहीं? उत्तर सीझरच्या ग्रंथांत आहे. गॉलांचे पुरोहित ड्रुइड. त्यांचे कांहीं शिष्य वीस वीस वर्षें पाठांतर करीत, आणि धर्मविद्या लिहून ठेवणें निषिद्ध मानीत. हें वाचतांना आम्हांस आमची वेदपाठशाळा आठवली. आपल्याकडे पद, क्रम, जटा, घन करीत शिष्यपरंपरा टिकली, म्हणून संहिता टिकली. तेथें परंपरा तुटली. ज्या तिबेरियसच्या राज्यांत तो स्तंभ उभा राहिला, त्याच्याच राज्यांत ड्रुइडांचा उच्छेद झाला, असें प्लिनी लिहितो. पुढें क्लॉडियसनें उरलेलें काम केलें. दगडावर जेवढें उतरलें तेवढेंच आज आपणांस वाचावयास मिळतें.

आमची दुसरी चूक पुढें ध्यानीं आली. मोहेंजोदडोच्या मुद्रेवर हत्ती, वाघ, गेंडा, रेडा आहेत. ती हंड्याहून सुमारें दोन हजार वर्षांनीं जुनी. तिला शिव-पशुपतीशीं जोडिलें सर जॉन मार्शल यांनीं, १९३१ सालीं. तिजवरील लिपि सर्वमान्य रीतीनें अद्याप कोणासच वाचतां आलेली नाहीं. म्हणजे तेथेंही नांव मागाहूनच चिकटविलेलें!

हें सर्व नातवास सांगितलें. "मग हंड्यावरच्या देवाला काय म्हणावयाचें?" त्यानें विचारिलें. पंडित त्यालाही केर्नुन्नोसच म्हणतात, असें आम्ही म्हणालों. त्यानें तें नांव वहींत उतरून घेतलें. पहिलें अक्षर मात्र आम्हीं त्यास कंसांत घालावयास लाविलें.