पहिले पिस्तूल घेण्याआधी : व्यापारी बंधूंनी काय पाहावे?

सास्तूर, लोहारा, उमरगा, मुरूम या पट्ट्यातील व्यापाऱ्याचा धंदा आजही बराचसा रोकडीवर चालतो. मोबाईलवरून पैसे देण्या-घेण्याची सोय झाली, तरी आठवडी बाजार, सोयाबीन-तुरीचा हंगाम आणि लग्नसराई या दिवसांत गल्ल्यात नगद जमतेच. रात्री मोटारसायकलवर किंवा टेम्पोतून परतताना जिवाला घोर असतो. मग एखादा भाई विचारतो, "लायसन्स काढून एक पिस्तूल घ्यावे का? घ्यायचे तर कोणते?" प्रश्न वाजवी आहे. पण दुकानात जाऊन माल पसंत करण्यासारखे हे काम नाही. म्हणून कायदा, माल, किंमत आणि जबाबदारी अशा क्रमाने माहिती देत आहोत.

आधी गरज तपासा

पिस्तूल हा धोक्यावरचा शेवटचा इलाज आहे, पहिला नव्हे. रोकड रोजच्या रोज बँकेत भरणे, येण्या-जाण्याची वेळ व रस्ता बदलणे, मोठी रक्कम एकट्याने न नेणे, दुकानात कॅमेरा बसवणे, हे उपाय स्वस्त आहेत. वाहतुकीतील रोकडीचा विमाही सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. त्याचा हप्ता आणि एका हत्याराची किंमत यांचा हिशेब मांडून पाहावा. मागून आलेल्या दोघांनी गाडीला लाथ मारून खाली पाडले, तर कमरेचे हत्यार काढायला फुरसत मिळत नाही. उलट तेच हत्यार लुटारूच्या हाती जाते.

घरातला धोकाही लक्षात घ्यावा. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका सुमारे पावणेतीन पट आढळला. त्या अभ्यासावर पुष्कळ वाद झाला. पण भांडण, कर्जाची चिंता आणि भरलेले हत्यार एका छपराखाली असणे बरे नाही, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. आपल्या मराठवाड्यात कर्जाने खचलेली माणसे काय करून बसतात, हे आपण पाहतो. घरात कोणी दारूच्या आहारी गेलेला असेल, कोणाचे मन ठिकाणावर नसेल, तर हा इरादा सोडून द्यावा.

लायसन्स : हक्क नव्हे, परवानगी

आपल्याकडे हत्यारांचा कायदा १९५९ चा आहे आणि त्याचे सध्याचे नियम २०१६ चे. जिल्ह्यात लायसन्स देणारा अधिकारी जिल्हाधिकारी असतो. जेथे पोलीस आयुक्तालय आहे त्या शहरात तो अधिकार आयुक्तांकडे असतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. अर्ज 'ए-१' नमुन्यात करायचा. त्यासोबत ओळख व पत्त्याचे पुरावे, डॉक्टरांचा शारीरिक व मानसिक प्रकृतीचा दाखला आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. त्यानंतर आपल्या हद्दीचे पोलीस ठाणे चौकशी करते. नियमाप्रमाणे पोलिसांचा अहवाल ३० दिवसांत आणि तो मिळाल्यावर निर्णय ६० दिवसांत अपेक्षित आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो, म्हणून प्रत्येक कागदाची पोच घेऊन ठेवावी.

अर्जात "जिवाला धोका आहे" एवढेच लिहून भागत नाही. धंद्याच्या स्वरूपामुळे जीव वा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज असणाऱ्याच्या अर्जाचा विचार करण्याची तरतूद नियमांत आहे. तेव्हा कोणत्या बाजारांना जातो, किती वाजता परततो, रोकडीची उलाढाल किती, पूर्वी चोरी-लुटीची तक्रार दिली असल्यास तिची नक्कल, बँकेचे उतारे आणि जीएसटीची विवरणपत्रे असा सगळा पुरावा जोडावा.

एक गोष्ट लहान व्यापाऱ्याने आणि कारागिराने ध्यानात ठेवावी. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून लायसन्स नाकारता येत नाही, असे कायद्याच्या कलम १४ मध्ये लिहिले आहे. नकार दिला तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. कारणे सांगणे सार्वजनिक हिताचे नाही असे वाटल्यासच अर्जदाराला ती सांगण्याचे टाळता येते. नकारावर कलम १८ खाली अपील करता येते. एजंटाच्या नादी लागून पैसे घालवू नयेत.

सध्या कार्यालये कडक झाली आहेत, त्यालाही कारण आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मधील मस्साजोगच्या सरपंच खून प्रकरणानंतर लायसन्सांची छाननी झाली. बाराशेहून जास्त लायसन्से असल्याचे पुढे आले आणि त्यांपैकी शेकडो रद्द करण्यात आली. हत्यार मिरवणाऱ्यांमुळे खऱ्या गरजूचीही तपासणी जास्त होते.

२०१९ च्या दुरुस्तीने एका लायसन्सदाराला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात आणि लायसन्सची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. त्याच दुरुस्तीने विनापरवाना हत्यार बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षे व कमाल पाच वर्षे कैद आणि दंड अशी केली. स्वस्तात मिळणाऱ्या गावठी कट्ट्याच्या वाटेला कोणी जाऊ नये. त्यात तुरुंग तर आहेच, शिवाय पाइपाची नळी फुटून स्वतःचाच हात जाण्याची भीती असते.

रिव्हॉल्वर की पिस्तूल?

बोलताना आपण दोन्हींना पिस्तूल म्हणतो, पण माल वेगळा आहे. रिव्हॉल्वरमध्ये फिरती चकरी असते. तिच्या घरांत बहुधा सहा काडतुसे बसतात. चकरी उघडली की किती भरली आहेत ते डोळ्यांना दिसते. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचे काडतूस समोर येते. यंत्रणा साधी, आणि बरेच दिवस हात न लावलेल्या माणसालाही समजणारी.

पिस्तुलात काडतुसे मुठीतील मॅगझिनमध्ये असतात. गोळी सुटली की वरचा भाग मागे जाऊन रिकामे टरफल फेकतो आणि पुढचे काडतूस नळीत चढवतो. ते चपटे असल्यामुळे कपड्याखाली उठून दिसत नाही, भरायलाही चटकन होते. पण अडकले तर ते सोडवण्याचा सराव हवा. सगळ्यात मोठा धोका असा की मॅगझिन काढले तरी नळीत एक काडतूस राहिलेले असू शकते. "मॅगझिन बाहेर आहे, म्हणजे रिकामे" या समजुतीने जगभर माणसे मेली आहेत. नवशिक्या माणसाने पहिले हत्यार म्हणून रिव्हॉल्वर घ्यावे, असा सल्ला जाणकार देतात तो याच कारणाने.

बोअर आणि बाजारातला माल

सैन्य-पोलिसांकडील ९ एम.एम. पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, ते सामान्य माणसाला मिळत नाही. आपल्यासाठी मुख्य बोअर .३२ आहे. .२२ सुद्धा मिळते. त्याचा धक्का कमी, पण मारही कमी. यात एक घोटाळा नवे लोक करतात. .३२ रिव्हॉल्वरचे काडतूस आणि .३२ पिस्तुलाचे काडतूस एकच नव्हे. रिव्हॉल्वरचे लांब व बुडाला कडा असलेले, पिस्तुलाचे आखूड असते. एकाचे दुसऱ्यात चालवू नये. लायसन्सवर हत्याराचा प्रकार आणि बोअर नीट लिहिला आहे ना, ते पाहूनच कार्यालयातून बाहेर पडावे.

सरकारी कारखान्यांपैकी कानपूरचे .३२ रिव्हॉल्वर जुने व सर्वत्र माहीत असलेले. ते वरून मोडून उघडते. २०१४ साली कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' हे सुमारे ५०० ग्रॅमचे हलके रिव्हॉल्वर आणले, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. २०२३ मध्ये 'प्रबल' आले. त्याची चकरी बाजूला निघते, म्हणून भरायला सोपे. पिस्तुलात 'अशनी' हा सरकारी माल आहे. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला मोडून सात कंपन्या झाल्या. हत्यारे आता कानपूरच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स' कंपनीकडे आहेत आणि काडतुसे 'म्युनिशन्स इंडिया'कडे. आपल्या पुण्याजवळील खडकीचा १८६९ चा काडतूस कारखाना याच दुसऱ्या कंपनीत आहे. खाजगीत, विलायतेच्या वेब्ली अँड स्कॉटचे .३२ रिव्हॉल्वर २०२० पासून उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात बनू लागले.

परदेशी हत्यारांची खाजगी आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे जुने विलायती किंवा जर्मन पिस्तूल निघाले की त्याला सोन्याचा भाव सांगतात. नावाला भुलू नये. हत्यार किती चालले, नळी आतून झिजली का, सुटे भाग मिळतात का, हे परवानाधारक मिस्त्रीकडून तपासावे. देशी नव्या मालाला निदान काडतूस आणि दुरुस्तीची हमी असते.

किमतीत कर धरायला विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्वरवर जीएसटी २८ चा ४० टक्के झाला. म्हणजे एक लाख मूळ किंमत असेल तर बिल एक लाख चाळीस हजाराचे. त्यावर काडतुसे, कुलपाची पेटी, म्यान आणि सरावाचा खर्च वेगळा.

हातात घेऊन पाहा

आम्ही कापडवाले थान पाहिल्यावर पोत, वजन, वीण हाताने तपासतो. तसेच येथेही करावे. दुकानदाराकडून हत्यार रिकामे करून घ्यावे आणि स्वतः डोळ्यांनी खात्री करावी. मग मूठ हातात पूर्ण बसते का, बोटाचे पेर चापावर सहज पोचते का, चाप ओढताना नळी हलते का, ते पाहावे. रिव्हॉल्वरचा घोडा न चढवता चाप ओढायला जोर लागतो. म्हाताऱ्या किंवा नाजूक हाताला ते जड जाते. फार हलके हत्यार बाळगायला बरे, पण धक्का जास्त देते. नंबर हत्यारावर, बिलावर आणि लायसन्सवर एकच आहे याची तेथेच ताडणी करावी. लायसन्सवर दिलेल्या मुदतीत खरेदी करून कार्यालयात नोंद करावी.

घरी आणल्यावर

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्याच रिव्हॉल्वरची गोळी त्यांच्या पायाला लागली. प्रवासाला निघण्यापूर्वी ते कपाटात ठेवताना हातून निसटले, असे सांगण्यात आले. वर्षानुवर्षे हत्यार बाळगणाऱ्याचे असे होते, तर नव्या माणसाने किती जपावे!

नियम चारच आहेत. प्रत्येक हत्यार भरलेले आहे असे समजा. ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. मारायचे ठरल्याशिवाय बोट चापावर ठेवू नका. निशाणाच्या मागे काय आहे ते पाहा.

भूकंपाआधीच्या आपल्या माळवदाच्या घरांत जाड भिंती आणि कोनाडे होते, वस्तू दडवायला जागा होती. ३० सप्टेंबर १९९३ नंतर बांधलेल्या घरांत खोल्या मोजक्या आणि मुलांचा वावर सगळीकडे. गादीखाली, ट्रंकेत, साड्यांच्या घडीत हत्यार ठेवणे म्हणजे मुलाच्या हाती देणे. भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी पेटी घ्या. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळच ठेवा.

ते कोणाला हाताळायलाही देऊ नका. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर झाडलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर असल्याचे पोलिसांनी सांगितले आणि त्या अंगरक्षकालाही अटक झाली. हत्यार चोरीला गेले तर लगेच पोलिसांत कळवावे. लायसन्सदार वारला तर वारसांनी ते घरात न ठेवता ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावे. मग वारसाच्या नावाने अर्ज करता येतो.

सरहद्द, वरात आणि निवडणूक

आपला मुलूख कर्नाटकाला लागून आहे. खरेदीसाठी बसवकल्याण, बीदर, गुलबर्गा, हैदराबादला जाणे नेहमीचे. लायसन्स फक्त महाराष्ट्रापुरते असेल तर सीमा ओलांडताच तेच कायदेशीर हत्यार गुन्ह्याचे होते. निघण्यापूर्वी लायसन्सवरील क्षेत्र वाचावे.

लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली कोणाच्या तरी डोक्यावर येतेच. सरावही शेतात नव्हे, मान्यताप्राप्त रेंजवर करावा. निवडणुकीत छाननी समिती ज्यांची हत्यारे जमा करण्यास सांगेल, त्यांनी वेळेत जमा करून पावती घ्यावी.

शेवटची गोष्ट चाप ओढण्याची. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. पण हल्ला थोपवण्यास लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणे म्हणजे रक्षण नव्हे. गेलेली रोकड दोन हंगामांत भरून निघते, खुनाच्या खटल्यात गेलेली वर्षे भरून निघत नाहीत. हा हिशेब ज्याला पटतो, त्यानेच अर्जाचा नमुना भरावा.