दांताबरोबर तोंडहि दाखवा

दंतवैद्याची आठवण आपणांस होते ती बहुधा दाढ ठणकूं लागल्यावर. लवंगेचें तेल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या वगैरे घरगुती उपाय थकले म्हणजे आपण त्याच्या खुर्चींत जाऊन बसतों, दुखरा दांत भरून वा काढून घेतों आणि सुटलों एकदांचे म्हणून घरीं परततों. ज्या तोंडांत ते दांत आहेत त्या तोंडाची, म्हणजे जीभ, गाल, टाळू व हिरड्या यांची, चौकशी आपण करीत नाहीं. कामाच्या गर्दींत पुष्कळदां दंतवैद्याकडूनहि ती राहून जाते. वास्तविक त्याच खुर्चींत, त्याच दिव्याखालीं दोनतीन मिनिटें अधिक खर्चिलीं तर तोंडाच्या कर्करोगाची पहिली खूण वेळींच हातीं लागण्याचा संभव असतो. ही तपासणी प्रत्येकानें मागून घ्यावी, एवढेंच सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

सन २०२२ च्या जागतिक अंदाजाप्रमाणें भारतांत त्या एका वर्षांत ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचे १,४०,००० हून अधिक नवे रोगी झाले आणि सुमारें ८०,००० माणसें या रोगानें दगावलीं. आपल्या देशांतील पुरुषांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग तो हाच. हा प्रश्न आपल्याकडे नवाहि नाहीं. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं मुंबईंतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा १९४४ सालींच प्रसिद्ध केला होता.

यांतील विलक्षण गोष्ट अशी कीं, पोटांतील वा फुप्फुसांतील रोग यंत्रांनीं शोधावा लागतो, परंतु तोंडांतील रोग जबडा उघडतांच डोळ्यांस दिसूं शकतो. असें असूनहि रोगी उशिरां येतात, कारण आरंभीं हा रोग बहुधा दुखत नाहीं. जें दुखत नाहीं त्याची दाद घ्यावयाची नाहीं, अशी आपली रीत! रोग लहान असतांना पुष्कळदां थोडक्या शस्त्रक्रियेनें भागतें व रोगी बरा होण्याची आशा मोठी असते. तोच मानेंतील गांठींपर्यंत पोंचला म्हणजे जबडा वा जीभ गमवावी लागते, आणि इतकें करूनहि जीव वांचेलच असें म्हणवत नाहीं.

तपासणी ती कशी?

कवळी असल्यास ती प्रथम काढून ठेवावी लागते. तिच्याखालीं काय आहे तें तीच झांकून ठेवीत असते. मग ओठ उलटून व गाल बाजूस ओढून त्यांची आंतील बाजू, हिरड्या, टाळू आणि घशाचा दर्शनी भाग पाहतात. जिभेचें टोंक कापडानें धरून ती एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे ओढतात. कारण जिभेच्या कडा व तिच्याखालची जागा सहसा आपल्या नजरेस येत नाहींत, आणि रोगाची भीति तेथें बरीच असते. शेवटीं जबड्याखालीं व मानेंत बोटांनीं गांठी चाचपतात. यांत ना सुई, ना कापाकापी.

शोधावयाचें तें पुढीलप्रमाणें: पुसूनहि न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा तांबडा चट्टा, जो विरळा परंतु पांढऱ्याहून अधिक धोक्याचा, दोन आठवडे लोटले तरी न भरणारा व्रण, हातास कठीण लागणारी गांठ, कांहीं कारण नसतां हलूं लागलेला दांत. सुपारी खाणाऱ्यांत आणखी एक लक्षण दिसतें. तोंडाचें आंतील अस्तर ताठ होत जातें, तिखट सोसवत नाहीं व तोंड पुरतें उघडत नाहीं. आपलीं तीन बोटें एकावर एक धरून वरच्या व खालच्या दांतांमध्यें जात नसतील तर दंतवैद्यास अवश्य सांगावें.

चट्टा दिसला म्हणजे कर्करोगच झाला, असें मात्र मुळींच नाहीं. पुष्कळदां तुटक्या दांताची धार किंवा सैल कवळी गालास घासून व्रण होतो. ती धार घासून काढल्यावर दोन आठवड्यांत व्रण भरला तर काळजी मिटली. न भरल्यास त्याचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. खरा निर्णय त्या तपासणीनेंच होतो. नुसत्या डोळ्यांनीं होत नाहीं.

या पाहणीचा उपयोग किती, याचा पुरावा आपल्याच देशांत मिळालेला आहे. केरळांतील तिरुअनंतपुरम् जिल्ह्यांत १९९६ सालीं ३५ वर्षें व त्यावरील वयाच्या सुमारें १,९०,००० स्त्रीपुरुषांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. तेरा विभागांपैकीं सात विभागांत शिकवून तयार केलेल्या पदवीधर कार्यकर्त्यांनीं दर तीन वर्षांनीं लोकांचीं तोंडें नुसत्या डोळ्यांनीं पाहिलीं. उरलेल्या सहांत नेहमींचाच क्रम ठेवला. तंबाखू वा मद्य यांचें सेवन करणाऱ्यांत, पाहणी झालेल्या विभागांत या रोगाचे मृत्यु ३४ टक्क्यांनीं कमी झाले, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. निर्व्यसनी लोकांत तसा लाभ सिद्ध झाला नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. पुढें २०१६ सालीं ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रीपुरुषांची तोंडें दर पांच वर्षांनीं पाहावीं, अशी योजना केंद्र सरकारनें आंखली.

“आमच्या घरीं व्यसन नाहीं”

हें वाक्य सुशिक्षित कुटुंबांत अगदीं सहज ऐकूं येतें. परंतु जेवणानंतरचा विडा, अडकित्त्यानें कातरलेलें सुपारीचें खांड, आजीची मशेरी किंवा आजोबांची चिमूटभर तंबाखू यांस आपण व्यसनांत धरीत नाहीं. तंबाखू नसलेली सुपारीहि कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केला आहे. सुपारीचा मान देवापुढें व आमंत्रणांत खुशाल राहूं द्यावा. गालांत मात्र तिला बिऱ्हाड देऊं नये.

एकत्र कुटुंबांत दुसरी अडचण भिडेची. वडिलांस दाखवावयास मुलगा घेऊन जातो. “तंबाखू खातां काय?” असें दंतवैद्य विचारतो, आणि मुलगा शेजारीं उभा असल्यामुळें वडील “नाहीं” म्हणतात. सुनेसमोर सासूबाई मशेरीचें नांव काढीत नाहींत. सूनहि सासूसमोर आपल्या सुपारीच्या पुडीचें नांव काढीत नाहीं. झांकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण अन्यत्र खरी असेल. या खुर्चींत ती प्राणाशीं गांठ घालते. म्हणून सोबत गेलेल्या मंडळींनीं पांच मिनिटें बाहेर बसावें व रोग्यास मोकळेपणानें बोलूं द्यावें. घरीं परतल्यावर उलटतपासणीहि घेऊं नये.

तिसरा गैरसमज वृद्धांचा. “दांतच उरले नाहींत, मग दंतवैद्य कशाला?” नातवाचा किडका दांत दाखविण्यास उत्साहानें जाणारे आजोबा स्वतःचें तोंड वर्षानुवर्षें कोणास दाखवीत नाहींत. दांत गेले तरी जीभ, गाल व हिरड्या आहेतच, आणि वयाबरोबर या रोगाचा धोका वाढतो.

तपासणी करून घेतली म्हणजे विडा-तंबाखू चालू ठेवण्यास परवाना मिळाला, असें मात्र कोणी समजूं नये. तीं सोडणें हा पहिला उपाय, तपासणी हा दुसरा. तेव्हां घरांतील कोणाचीहि दाढ दाखविण्याचा प्रसंग येईल त्या दिवशीं वडील माणसांसहि बरोबर न्यावें, आणि दंतवैद्यास एवढेंच म्हणावें: “डॉक्टर, दांत पाहिलातच, आतां सारें तोंडहि पाहा.” असें म्हणण्यास संकोच वाटण्याचें कांहींच कारण नाहीं.